पाटीच्या कोपऱ्यातला बग : एका टाउनशिप निवडणुकीचं प्रकरण

हे प्रकरण न्यू जर्सीतल्या एका टाउनशिप कौन्सिलच्या, म्हणजे गावच्या कारभारी मंडळाच्या, निवडणुकीचं आणि प्रचाराच्या पाट्यांवर राहून गेलेल्या एका बारीक खुणेचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत, रकमा गोल केल्या आहेत. मी या मोहिमेची खजिनदार होते. त्यामुळे पुढे जे आहे ते खजिनदाराच्या खुर्चीतून दिसलेलं आहे. दाराबाहेर फिरणाऱ्यांना कदाचित वेगळं दिसलं असेल.

पार्श्वभूमी

गावात कौन्सिलच्या तीन जागा होत्या. दोन पक्षांचे तीन-तीन उमेदवार उभे होते आणि मतदाराने सहांतून तीन नावं निवडायची होती. त्यातलं एक नाव आमच्या ताईंचं. ताई व्यवसायाने फार्मासिस्ट, गावात वीस वर्षं राहिलेल्या. शाळेच्या पालक संघटनेपासून सुरुवात करून झोनिंग बोर्डापर्यंत, म्हणजे जमिनीचा वापर आणि बांधकाम यांवर निर्णय देणाऱ्या गावच्या मंडळापर्यंत, पोचलेल्या. डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना पॅनेलमध्ये घेतलं त्यामागे आपल्या लोकांची मतं हे एक कारण होतं, आणि ते ताईंनाही माहीत होतं. आमच्या गावात मराठी घरं एवढी आहेत की गणपतीला हायस्कूलचं सभागृह भाड्याने घ्यावं लागतं.

पॅनेलचा खर्च सामाईक होता, पण पाट्या ज्याच्या त्याने करायच्या ठरल्या. ताईंच्या वाट्याला सगळं मिळून चौदा हजार डॉलर होते.

इथे गावपातळीवरचा प्रचार म्हणजे भोंगे लावलेली रिक्षा नाही की चौकसभा नाही. दारावर जाऊन बोलायचं, घरपोच पत्रकं पाठवायची आणि लोकांच्या अंगणात पाट्या रोवायच्या. लॉन साइन म्हणतात ती ही पाटी. १८ बाय २४ इंच, चार मिलिमीटर जाडीचं पन्हळी प्लास्टिक, खोक्याच्या पुठ्ठ्यासारखं आतून पोकळ. त्या पोकळीत इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी वाकवलेली तार घालायची आणि आडव्या दांडीवर पाय देऊन ती जमिनीत रोवायची. पाऊस पडून गेल्यावर हे काम दहा सेकंदांचं आहे. ऑगस्टमध्ये माती सुकून दगड झालेली असते. तेव्हा तार वाकते, बूट घसरतो आणि घरमालक खिडकीतून बघत असतो.

या पाट्यांनी मतं मिळतात का, हा प्रश्न दर मोहिमेत निघतो. कोलंबिया विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी चार ठिकाणी प्रयोग करून २०१६ मध्ये त्याचं उत्तर दिलं होतं : सरासरी १.७ टक्के बिंदूंचा फरक. विधानसभेला हा आकडा हसण्यावारी नेता येईल. आमच्या गावात गेल्या वेळची तिसरी जागा त्याहून कमी फरकाने गेली होती.

पाट्या कुठून छापायच्या यावर चर्चा झालीच नाही. गावात एक मराठी गृहस्थ छापखाना चालवतात. मंडळाचे बॅनर, मुंजीच्या पत्रिका, रेस्टॉरंटचे मेनू, सगळं त्यांच्याकडेच होतं. त्यांना सगळे प्रेसवाले काका म्हणतात. जुलैच्या मध्यावर ताईंनी फोन केला आणि काका म्हणाले, “आपल्या घरचं कार्य आहे, भाव काय विचारता?” एरवी सहा डॉलरची पाटी त्यांनी तारेसकट पावणेपाचला दिली. ३०० पाट्या, १,४२५ डॉलर. महिनाअखेरीस खोकी माझ्या गॅरेजमध्ये आली.

प्रूफ मीच तपासलं होतं. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे प्रचारसाहित्यावर ते कोणाच्या पैशाने छापलंय त्या समितीचं नाव आणि पत्ता लागतो. ती ओळ मी तीनदा वाचली. स्पेलिंग बरोबर, पिनकोड बरोबर. उजव्या कोपऱ्यात काही असायला हवं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

अडचण

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी एक गृहस्थ पाटी न्यायला गॅरेजवर आले. पेशाने इलेक्ट्रिशियन, तीस वर्षं युनियनचे सभासद, निवृत्तीला आलेले. ताईंशी त्यांची ओळख झोनिंग बोर्डाच्या बैठकांतून झाली होती. त्यांनी खोक्यातली पाटी उचलली, लांब धरून पाहिली, मग चष्मा कपाळावर ढकलून खालचा कोपरा डोळ्यांजवळ नेला. पाटी उलटी केली आणि मागचा कोपराही पाहिला.

“बग कुठाय?” त्यांनी विचारलं.

मी दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. माझ्या धंद्यात बग सापडला की गडबड, न सापडला की आनंद. इथे बग नाही हीच गडबड होती.

छपाई कामगारांच्या बोलीत बग म्हणजे युनियनचा शिक्का : मुगाच्या दाण्याएवढं चिन्ह, जवळून पाहिलं तर अंडाकृती चौकटीत अक्षरं आणि एक आकडा. तो आकडा छापखान्याचा. म्हणजे हा माल कोणत्या युनियन शॉपमध्ये, युनियनशी करार असलेल्या छापखान्यात, छापला हे कोणालाही शोधून काढता येतं. कागदी छपाईवर बहुधा अलाइड प्रिंटिंग ट्रेड्स या छपाई युनियनांच्या संघाचा किंवा टीमस्टर्स या मोठ्या युनियनच्या छपाई विभागाचा बग असतो. पाट्यांवर पेंटर्स युनियनचाही दिसतो, कारण साइन रंगवणारे पूर्वापार त्या युनियनमध्ये आहेत. कायद्याने बग सक्तीचा नाही. पण डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या पाटीवर तो नसणं म्हणजे लग्नपत्रिकेवर कुलदैवताचं नाव नसण्यासारखं. निम्म्या लोकांना कळणारही नाही, पण ज्यांना कळतं ते पहिल्यांदा तेच बघतात.

त्या संध्याकाळी ताईंच्या मेलमध्ये शोधाशोध केली. काउंटीच्या सेंट्रल लेबर कौन्सिलची प्रश्नावली आठ दिवस न उघडता पडली होती. या लेबर कौन्सिलमध्ये शिक्षकांपासून प्लंबरपर्यंतच्या युनियन्सचे प्रतिनिधी बसतात. ते उमेदवारांना प्रश्न विचारतात, मुलाखत घेतात आणि पाठिंबा कोणाला हे ठरवतात. प्रश्नावलीत सरळ विचारलं होतं : तुमचं सगळं प्रचारसाहित्य युनियन शॉपमध्ये छापलेलं आहे का?

पॅनेलमधल्या दुसऱ्या दोन उमेदवारांच्या पाट्यांवर बग होता. ते जुने खेळाडू होते. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, कारण एवढं तर कोणालाही ठाऊक असेल असं त्यांना वाटलं. आम्ही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

तोपर्यंत १४० पाट्या अंगणांत लागल्या होत्या.

हा पाठिंबा आमच्यासाठी का महत्त्वाचा होता? अमेरिकेत युनियनमध्ये असलेल्या कामगारांचं प्रमाण १९८३ मध्ये २०.१ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ९.९ टक्क्यांवर आलं. पण ही घटती माणसं निवडणुकीत घरी बसत नाहीत. शनिवारी सकाळी आठला क्लिपबोर्ड घेऊन उभे राहणारे तेच असतात. आमचे स्वयंसेवक बहुतेक आयटीतले, मुलांचे क्लास आणि क्रिकेट लीग सांभाळून दोन तास देणारे. आम्हाला पाय हवे होते.

समोर असलेले पर्याय

रविवारी ताईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण जमलो. पोहे झाले, चहा झाला, आणि बोलणं तापलं.

पहिली सूचना एका तरुण स्वयंसेवकाची. डिझाइनचं काम तोच बघत होता. त्याच्याकडे पक्षाच्या जुन्या पत्रकाची फाइल होती आणि त्यात बग होता. तो उचलायचा, पारदर्शक स्टिकर छापायचे, पाट्यांवर चिकटवायचे. खर्च साठ डॉलर. “कोण भिंग घेऊन बघणारे?” तो म्हणाला. आदल्याच दिवशी एक गृहस्थ जवळजवळ भिंग घेऊनच बघून गेले होते.

या सूचनेवर आम्ही हसलो, पण लगेच ‘नाही’ कोणी म्हणालं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. साठ डॉलर आणि दोन हजार डॉलर यांतला फरक समोर असला की माणूस काही क्षण गप्प बसतो. मीच शेवटी म्हणाले की तो आकडा दुसऱ्या कोणाच्या छापखान्याचा आहे. आपण न छापलेल्या मालावर त्यांची सही ठोकतो आहोत, उद्या कोणी तो आकडा शोधला तर फोन त्या छापखान्यात वाजेल. शिवाय बग ही युनियनची नोंदणीकृत मालमत्ता आहे, ती गिऱ्हाइकाने लावायची वस्तू नाही. गप्प राहून प्रश्नावलीत ‘नाही’ लिहिणं हा पराभव असता. हे मात्र खोटं ठरलं असतं.

दुसरा पर्याय : आहेत त्या पाट्या राहू द्यायच्या, इथून पुढची पत्रकं युनियन शॉपमधून. खिशाला परवडणारा आणि खरं सांगायचं तर बेताचा प्रामाणिक. पण प्रश्नावलीत ‘सगळं साहित्य’ असा शब्द होता.

तिसरा : हाताने रंगवलेल्या पाट्या. स्वयंसेवकांनी फुकट केलेल्या कामावर ‘लेबर डोनेटेड’ असं लिहायची इथे रीत आहे, म्हणजे मजुरी दान दिली आहे, कोणाचा रोजगार बुडवलेला नाही. कल्पना गोड होती. तीनशे पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवायला लागणारे तास मी मोजून दाखवले तेव्हा ती विरली.

चौथा पर्याय, म्हणजे सगळं नव्याने छापणं, टेबलावर ठेवायलाच कोणी तयार नव्हतं, कारण त्यात काका येत होते. त्यांच्या दुकानात ते स्वतः, काकू आणि एक कामगार. त्यांनी पदरचे पैसे घालून पाट्या दिल्या होत्या. त्या पाट्या काढून दुसऱ्याच्या लावायच्या हे त्यांना कोण सांगणार?

मध्येच ताईंच्या भाच्याने, तो कॉलेजात इतिहास शिकतो, एक काडी टाकली. युनियन लेबलची सुरुवात कुठून झाली माहिती आहे का, असं त्याने विचारलं. १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत सिगार वळणाऱ्या गोऱ्या कामगारांनी खोक्यांवर पांढरं लेबल लावायला सुरुवात केली : हा सिगार गोऱ्या हातांनी वळला आहे, चिनी हातांनी नाही. १८८० मध्ये सिगारवाल्यांच्या राष्ट्रीय युनियनने निळं लेबल घेतलं, १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा आला आणि पुढे लेबलाची चाल छपाईवाल्यांनीही उचलली. “म्हणजे आशियाई माणसाला धंद्यातून काढायला निघालेली खूण मिळवण्यासाठी आपण आपल्या माणसाचं काम काढून घेणार,” भाचा म्हणाला.

याला त्या टेबलावर उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी ताईंनी हीच गोष्ट त्या इलेक्ट्रिशियन गृहस्थांपुढे ठेवली. ते म्हणाले, “सिगारचं माहीत नव्हतं. पण माझ्या आजोबांच्या वेळी आमच्याकडे काळ्या माणसाला अर्जसुद्धा मिळत नसे, ते माहीत आहे. म्हणून मी युनियन सोडू, की मीटिंगला जाऊ?” मला हे उत्तर पूर्ण पटलं असं नाही. ताईंना पटलं, आणि उमेदवार त्या होत्या.

निर्णय आणि कृती

ताईंनी क्रम ठरवला. आधी काका, मग छपाई, मग लेबर कौन्सिल. मी उलट सांगत होते, कारण वेळ अंगावर येत होती. न्यू जर्सीत टपाली मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी घरोघर जायला लागतात, म्हणजे सप्टेंबर सरायच्या आत काही लोक मत देऊन मोकळे होणार होते. ताई ऐकायला तयार नव्हत्या. “काकांना ही बातमी मंडळातून कळली तर मी गणपतीत तोंड दाखवू शकणार नाही.”

दुकान बंद व्हायच्या वेळी आम्ही दोघी गेलो. काका कटिंग मशीनजवळ उभे होते, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा मोजत. ताईंनी सगळं सांगितलं, प्रश्नावली दाखवली. काकांनी ती वाचली आणि काउंटरवर पालथी ठेवली.

“माझ्या दुकानात मी, ही आणि तो एक माणूस,” ते म्हणाले. “त्याला मी इन्शुरन्स देतो. कोणी कोणाविरुद्ध युनियन करायची?”

ताईंनी त्यांना सांगितलं की लहान, मालकच मशीनवर उभा राहतो अशा दुकानांनाही युनियनशी करार करून लेबल घेता येतं. तशी चौकशी हवी असेल तर त्या स्वतः बरोबर येतील. काका म्हणाले, विचार करीन. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की करणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, “छपाईत काही खोट होती का?”

नव्हती. त्यांच्या पाटीचा निळा रंग पुढे आलेल्या पाटीपेक्षा उजवा होता, हे मी आजही सांगते. बग हा दर्जाचा शिक्का नाही. तो एवढंच सांगतो की छापणाऱ्याला पगार ठरवताना टेबलाशी बसायची जागा होती.

त्या भेटीत एक गोष्ट अनपेक्षित निघाली. काकांनी दिलेली सूट ते सगळ्यांना देत नव्हते, खास ताईंसाठी होती. तशी सूट म्हणजे हिशेबाच्या भाषेत वस्तुरूप देणगी. पाटीमागे सव्वा डॉलर, ३०० पाट्यांचे ३७५. राज्याच्या इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशनकडे निवडणुकीच्या २९ दिवस आधी, ११ दिवस आधी आणि नंतर २० दिवसांनी हिशेब द्यावा लागतो, त्यात ती दाखवायला हवी होती. ‘घरचं कार्य’ म्हणून मी ती लिहिलीच नव्हती. पहिला अहवाल जायचा होता म्हणून वाचलो. खजिनदार म्हणून ही चूक मला बगपेक्षा जास्त झोंबली.

लेबर कौन्सिलची मुलाखत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. युनियन हॉलमध्ये लांब टेबल, अकरा माणसं, कॉफीचा मोठा थर्मास. ताईंनी प्रश्नावलीत त्या रकान्यात लिहिलं होतं : “नाही. पहिल्या ३०० पाट्या युनियन शॉपमधल्या नाहीत. चूक लक्षात आल्यावर नवी ऑर्डर दिली आहे.” कोणी विचारायच्या आत त्यांनी स्वतःच विषय काढला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी फक्त एवढं विचारलं, “जुन्या पाट्या छापणाऱ्याचे पैसे दिलेत ना?” दिले होते. मग त्यांनी शाळेच्या बांधकामाच्या निविदांबद्दल अर्धा तास पिंजून काढलं. पाट्यांवर आम्ही तीन आठवडे जीव काढला होता. त्यांच्या दृष्टीने तो फक्त दार उघडण्यापुरता मुद्दा होता.

नवी ऑर्डर देतानाही एक ठेच लागलीच. जवळच्या एका दुकानाने फोनवर “हो, हो, युनियन करून देऊ” म्हटलं. कोटेशनमध्ये बगचा आकडा मागितला तर मेलला उत्तर नाही. ते काम बाहेर देणारं दलाल दुकान निघालं. बग ज्याच्या मशीनवर छापलं त्याचा असतो, बिल फाडणाऱ्याचा नाही. शेवटी दीड तासावरचा एक युनियन छापखाना मिळाला. पाटीला ६ डॉलर ४० सेंट, तार वेगळी. तारा आमच्याकडे होत्याच, जुन्या पाट्यांच्या. ३०० पाट्यांचे १,९२० डॉलर. म्हणजे चौदा हजारांतले जवळजवळ चौदा टक्के दुसऱ्यांदा त्याच वस्तूवर. ते पैसे मी दुसऱ्या पत्रकातून काढले. ते सगळ्या यादीला न जाता निम्म्या घरांना गेलं.

छापखान्याकडून आलेली पहिली सूचना वाचून मी आमच्या तरुण डिझाइनरकडे पाठवली : खालच्या उजव्या कोपऱ्यात अर्धा इंच जागा मोकळी सोडा, तिथे तुम्ही काहीही ठेवू नका, बग आम्ही घालतो. त्याने उत्तरात फक्त हात जोडल्याची खूण पाठवली.

वाहतुकीचा खर्च वाचवायला पाट्या आणायला मी स्वतः गेले. आत शाईचा तो तेलकट गोडसर वास. जाळीच्या चौकटीवर रबरी पट्टी सरकत होती आणि एकेक पाटी रॅकवर सुकायला जात होती. एक बाई पन्नास-पन्नासच्या थप्प्या करून कडेवर तळहात आपटून त्या सरळ करत होत्या, न मोजता, नुसत्या उंचीवरून. मला साताऱ्याचा आमच्या आजोबांचा ट्रेडल छापखाना आठवला. तिथे कंपोझिटर खिळे जुळवताना बोलत नसे, आणि निवडणुकीच्या हँडबिलाच्या तळाशी ‘मुद्रक’, ‘प्रकाशक’ अशी बारीक ओळ असायची. ती ओळ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-क कलमाने सक्तीची आहे. छापणाऱ्याचं नाव नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण कोण काय छापतं यावर सरकारला नजर ठेवायची असते. इथे छापणाऱ्याचा आकडा सरकार मागत नाही, कामगार मागतात. खूण दोन्हीकडे तेवढीच बारीक, पण ती बघणारे डोळे वेगळे.

उरला प्रश्न अंगणात लागलेल्या १४० पाट्यांचा. सगळ्या बदलायच्या ठरल्या. आठ संध्याकाळी जोडीजोडीने फिरलो. बहुतेक लोकांनी का म्हणून विचारलंही नाही. एका आजोबांनी मात्र पाटी काढू दिली नाही. “ही चांगली दिसते. दुसरी कशाला?” त्यांना समजावून सांगितलं, तरी नाही. अंगण त्यांचं. स्वतःच्या घरावर पाटी लावायचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लॅड्यू गावाच्या खटल्यात मान्य केला आहे, तिथे आमचं काय चालणार. अशा अकरा पाट्या शेवटपर्यंत राहिल्या. पंधरा-सोळा कुठे गेल्या ते कळलं नाही. वाऱ्याने, गवत कापणाऱ्याने, की विरोधकाने, देव जाणे.

काय झालं

लेबर कौन्सिलचा पाठिंबा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. तीन शनिवार त्यांची माणसं आमच्याबरोबर फिरली. गावाचा उत्तरेकडचा भाग, जिथे आमचं कोणी राहत नाही आणि आम्ही भीत भीत जात होतो, तिथली दारं त्यांनीच वाजवली. ताई तिसऱ्या आल्या, म्हणजे निवडून आल्या. चौथ्या उमेदवाराशी फरक दोनशेच्या थोडा वर होता.

त्यातली किती मतं बगची, किती शनिवारच्या पायपिटीची, किती वरच्या पदांच्या निवडणुकीतल्या लाटेची, हे कोणीही सांगू शकणार नाही. नव्या पाट्या आल्या तेव्हा टपाली मतपत्रिका घरोघर पोचल्याही होत्या. त्या सुमाराला दहा दिवस मुख्य रस्त्यावर आमची पाटी विरळ होती. पत्रक निम्म्या घरांना गेलंच नाही. हे सगळं वजा बाजूला मांडायला हवं.

काका मतदानाला गेले, हे काकूंनी सांगितलं. मत कोणाला दिलं ते विचारायचं नसतं. दुकानाच्या काचेवरची ताईंची पाटी त्यांनी आमच्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी काढली होती. विजयाच्या पार्टीला आले नाहीत. मंडळाचे बॅनर आजही तेच छापतात, ताईंशी नमस्कारापुरतं बोलतात. युनियन लेबलची चौकशी त्यांनी केली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पाट्या आधी आणि प्रश्नावली नंतर, हा आमचा मूळ घोळ. पक्षाने नाव जाहीर केल्याच्या आठवड्यात पॅनेलमधल्या जुन्या माणसाला एक फोन केला असता तर १,९२० डॉलर वाचले असते आणि काकाही दुखावले नसते. त्यांना आधीच सांगता आलं असतं : काका, प्रचाराचं काम तुम्हाला देता येणार नाही, कारण हे. नकाराने माणूस थोडा नाराज होतो, पण दिलेलं काम काढून घेतल्यावर तो तुटतो.

काकांकडे आधी जायचा ताईंचा हट्ट बरोबर होता का, यावर आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते त्याच दिवशी सकाळी नवी ऑर्डर देऊन संध्याकाळी काकांकडे जाता आलं असतं, आठवडा वाचला असता. ताई म्हणतात, मग ते सांगणं नसतं, कळवणं असतं.

सगळ्या १४० पाट्या बदलायची गरज नव्हती, असं आता वाटतं. लेबर कौन्सिलमध्ये खरं सांगून झालं होतं. मुख्य रस्त्यांवरच्या आणि युनियन सभासदांच्या अंगणातल्या बदलून बाकीच्या राहू दिल्या असत्या तरी कोणी बोललं नसतं. आठ संध्याकाळी आम्ही दारं वाजवत फिरलो, पण मत मागायला नाही, पाटी परत घ्यायला. ताईंच्या मनात तो खोटेपणाचा डाग होता, तो धुवायला आम्ही स्वयंसेवकांचे तास वापरले.

स्टिकरच्या सूचनेच्या वेळी झालेली शांतता मी अजून विसरले नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी स्वतंत्र बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्याने पुढची चार पत्रकं निमूट केली आणि निवडणुकीनंतर परत आला नाही.

उरलेल्या पाट्या

जुन्या पाट्यांपैकी जवळजवळ पावणेतीनशे माझ्या गॅरेजमध्ये साचल्या. हे प्लास्टिक गावाच्या रिसायकलिंगच्या डब्यात घेत नाहीत. काही टोमॅटोच्या कुंड्यांखाली गेल्या, काही नवऱ्याने शेडच्या छपराला आतून ठोकल्या. पुढच्या वर्षी घरच्या गणपतीचं मखर करताना मागचा भाग मी त्याच पाट्यांचा केला, समोरून सोनेरी कागद चिकटवला आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका-काकू दर्शनाला आले. काकांनी नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि सवयीने मखराच्या बाजूला जाऊन कागद कसा लावलाय ते बघायला वाकले. मागे ताईंचं अर्धं नाव उलटं दिसत होतं. त्यांनी अंगठा त्या निळ्यावरून फिरवला आणि बोट उजेडात धरून पाहिलं.

“शाई धरून आहे अजून,” ते काकूंना म्हणाले.